बिनभाड्याचे बाक

चर्चमधला एक साधा लाकडी बाक. त्यालाही भाडे असू शकते, हे प्रथम ऐकताना आपल्याला खरे वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या अनेक मेथडिस्ट चर्चमध्ये बाक विकत किंवा भाड्याने दिले जात. पुढची चांगली जागा ज्याला परवडे त्याची, आणि ज्याला परवडत नसे त्याने मागे, कडेला, जिथे सामावता येईल तिथे बसावे, अशी रीत पडली होती. इमारतीचा खर्च त्यातून भागे, हे कारणही खोटे नव्हते. फ्री मेथडिस्ट या एका लहानशा ख्रिस्ती संप्रदायाचा इतिहास वाचताना मी पुन्हा पुन्हा या बाकापाशी थांबतो, कारण त्या इतिहासाचा सारा रस या लाकडात मुरलेला आहे.

आपण गोव्याची माणसे, त्यातही पेडणे-डिचोलीकडची. या बाकाचे मर्म आपण चटकन ओळखू. देवळाच्या चौकात कोणी कुठे बसावे, पालखीला पहिला खांदा कोणाचा, उत्सवाचा प्रसाद आधी कोणाच्या ओंजळीत पडावा, ही मानकऱ्यांची उतरंड आपण लहानपणापासून पाहत आलो. जुन्या काबिजादींतल्या काही गावांतही इगर्जीतल्या कोंफ्रारीत प्रवेश कोणाला आणि कोणत्या रंगाचे वस्त्र कोणाच्या खांद्यावर, यावरून वाद झालेले आहेत. देव बदलला तरी देवापुढच्या जागेत गावाची सारी वंशावळ बसलेली असते. म्हणूनच सातासमुद्रापलीकडच्या त्या बाकाची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

तो बाक मोकळा करू पाहणारा माणूस म्हणजे बेंजामिन टायटस रॉबर्ट्स. बफेलो शहरात धर्मसेवा करत असतानाच चर्चमधली जागा सर्वांना विनामूल्य असावी, हा आग्रह त्याने धरला. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक असलेल्या ज्या जॉन वेस्लीने १७३९ मध्ये ब्रिस्टलच्या परिसरात उघड्या माळावर उभे राहून खाणकामगारांना उपदेश केला, त्याच्या अनुयायांनी गरिबाला दाराशी थोपवावे, ही विसंगती त्याला सोसवेना. १८५७ मध्ये त्याने एक सडेतोड लेख लिहिला. त्यावरून त्याला आधी ठपका मिळाला आणि १८५८ मध्ये जेनेसी कॉन्फरन्सने, म्हणजे मेथडिस्ट चर्चच्या तिथल्या प्रादेशिक सभेने, त्याला थेट काढूनच टाकले. २३ ऑगस्ट १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या शेतावर, नवा संप्रदाय जन्मला. अमेरिकेचे यादवी युद्ध तेव्हा अवघ्या काही महिन्यांवर आले होते, आणि बाकाच्या भाड्याइतकाच गुलामगिरीलाही या मंडळींचा निःसंदिग्ध विरोध होता. मला विशेष भावते ती त्यांच्या सभांची घडण : धर्मगुरू जितके, तितकेच सामान्य सभासद. ज्याला बसायला बाक दिला, त्याला बोलायला जागाही दिली.

या प्रकरणाला आणखी एक हृद्य पदर आहे. रॉबर्ट्स १८९३ मध्ये निवर्तला. पुढे १९१० मध्ये त्याच जेनेसी कॉन्फरन्सने आपली चूक मान्य करून त्याची दीक्षापत्रे त्याच्या मुलाच्या हाती सन्मानाने परत केली. कागद परत घ्यायला मूळ धनी उरला नव्हता, तरी तो परत करावासा वाटणे, यातले सौजन्य आपण मन लावून पाहावे असे आहे.

या संप्रदायाच्या गाण्याकडेही जरा कान देऊ. १९४३ पर्यंत फ्री मेथडिस्टांच्या उपासनेत वाद्यांना आणि निवडक गायकवृंदाला थारा नव्हता. कीर्तनात आणि भजनी सप्त्यात वाढलेल्या, पेटी-पखवाजाविना भक्तीची कल्पनाही न करणाऱ्या आपल्या कानांना हा निषेध प्रथम रूक्ष वाटेल. पण त्यामागची ओढ बाकाचीच आहे. निवडक कंठांनी गायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असे ठरले की गाण्यातही पुढची आणि मागची जागा तयार होते. सगळ्यांनी गायचे असेल तर बेसूर गळ्यालाही त्यात वाटा मिळतो.

हा संप्रदाय मराठी मुलखात आला तो अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड या दांपत्याच्या पावलांनी. जानेवारी १८८१ मध्ये ती दोघे मुंबईत उतरली. पाठीशी कुठल्या मंडळाचा ठरलेला पगार नव्हता, होता तो निव्वळ भरवसा. बुऱ्हाणपुरापासून वऱ्हाडापर्यंत वाट काढत हे कार्य अखेर स्थिरावले ते यवतमाळच्या कापूसपट्ट्यात. १९५३ मध्ये यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. अनेक संप्रदायांच्या त्या सामायिक विद्यालयाचे पहिले प्राचार्य फ्रँक क्लाइन हे फ्री मेथडिस्टच. १९८३ मध्ये ही सेमिनरी पुण्याला गेली. सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या देशात बाकाच्या भाड्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. पण सतरंजीच्या कोणत्या टोकाला कोणी बसायचे, हा प्रश्न होताच, आणि तो भाड्याहून कठीण होता.

मराठी वाचकाने सर्वांत अधिक रेंगाळावे असे स्थळ मात्र समुद्रापलीकडे आहे. रॉबर्ट्सने १८६६ मध्ये नॉर्थ चायलाय या गावी एक शाळा काढली होती. मुलामुलींना तिथे एकत्र शिक्षण मिळे. पुढे चेसब्रो सेमिनरी म्हणून ओळखल्या गेलेल्या या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक मराठी मुलगी शिकली. ती पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा. केडगावच्या मुक्तिसदनाचा भार पुढे आईच्या बरोबरीने वाहणाऱ्या या मुलीला रमाबाईंनी जगातल्या कितीतरी शाळा सोडून या लहान पंथाच्या शाळेत धाडावे, ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच दशकात, १८९१ मध्ये, रॉबर्ट्सने ‘ऑर्डेनिंग विमेन’ हे छोटे पुस्तक लिहून स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळावी, असा युक्तिवाद केला होता. आदल्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या संप्रदायाने ही मागणी फेटाळली होती, तरी त्याने लेखणी खाली ठेवली नाही.

पूर्ण दीक्षेचा तो अधिकार फ्री मेथडिस्ट स्त्रियांना १९७४ मध्ये मिळाला, पुस्तकानंतर तब्बल ८३ वर्षांनी. रमाबाई आणि मनोरमाबाई ज्यांना आपल्या वाटतात, त्या प्रत्येक मराठी वाचकाने रॉबर्ट्सचे ते पुस्तक एकदा तरी वाचावे, आणि कोणा जाणत्याने ते चांगल्या मराठीत आपल्या हाती द्यावे, एवढी मनापासून विनंती.