मतदार यादी : पुरावा कुणी द्यायचा?

आज आपण ऑर्निट शनी यांच्या ‘हाउ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ या 2018 सालच्या पुस्तकाविषयी बोलणार आहोत. विषय वरवर रुक्ष वाटेल : भारताची पहिली मतदार यादी कशी तयार झाली. पण लोकशाहीतला एक मूलभूत प्रश्न त्या यादीत दडलेला आहे.

1947 च्या अखेरीस, म्हणजे राज्यघटना मंजूर होण्याच्या दोन वर्षं आधी, संविधान सभेच्या सचिवालयानं या कामाला हात घातला. इंग्रजी अमदानीत मत होतं ते मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्यांना. आता प्रत्येक प्रौढाचं नाव लिहायचं होतं. त्यात फाळणी झालेली. नियमाप्रमाणे एका ठिकाणी 180 दिवसांचं वास्तव्य हवं. निर्वासितानं ते कुठून दाखवायचं? तेव्हा ठरलं, की इथंच कायम राहण्याचा माझा इरादा आहे, असं त्यानं लिहून दिलं तरी पुरे. ज्याच्यापाशी घर नाही, कागद नाही, त्याचा शब्द शासनानं ग्राह्य धरला! शनीबाईंनी हा इतिहास कागदपत्रांतून उभा केलाय, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

माझा आक्षेप आहे तो पुस्तकाच्या सुरावर. त्यात अधिकाऱ्यांची कल्पकता नायक होते. पण ही उदारता एका सूचनापत्रात होती, हक्कात नव्हती. सूचना बदलली की उदारता संपली. त्याच यादीचा पुढचा भाग पाहा. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद झालेल्या, स्वतःचं नाव न सांगितलेल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं पहिल्या निवडणुकीआधी वगळली गेली. नियम म्हणून ते योग्यच होतं, आणि पुढे स्त्रिया नावं सांगू लागल्या हेही खरं. पण त्या निवडणुकीत त्यांचं मत गेलं ते गेलंच. निर्वासितासाठी नियम वाकला, या बायकांसाठी वाकला नाही. का?

तत्त्वज्ञानात आम्ही विचारतो : सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाची? कलम 326 म्हणतं, प्रत्येक प्रौढ नागरिकाला यादीत नाव असण्याचा हक्क आहे. हक्क माझा असेल, तर तो नाही हे दाखवण्याचं काम दुसऱ्याचं असायला हवं. व्यवहार उलटा चालतो. आपण सोय वाढवली, हे मान्य. फॉर्म 6 आता मोबाइलवर भरता येतो. 18 वर्षं पूर्ण झाल्याची तारीख पूर्वी फक्त 1 जानेवारी धरत, आता वर्षातून चार तारखा आहेत. पण फॉर्म सोपा झाला म्हणून ओझं हललं, असं होत नाही.

बिहारमध्ये 2025 साली काय झालं? 2003 च्या यादीत नाव नसलेल्यांकडे ठरावीक 11 कागदांपैकी एक मागितला गेला. प्रारूप यादीत सुमारे 65 लाख नावं आली नाहीत. आयोगानं कारणं दिली : मृत, स्थलांतरित, दुबार. पुष्कळ खरीही असतील. बोगस नावं काढलीच पाहिजेत. पण कुणाचं नाव कशासाठी गेलं हे जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

आपल्याकडचा बीडचा ऊसतोड कामगार घ्या. तो सहा महिने कारखान्यावर असतो. तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास तुटत नाही, हे 1950 चा कायदाच सांगतो. पण पडताळणीला आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसतं. ते कुलूप म्हणजे पुरावा मानायचा का?

कुणी म्हणेल, नोंदणी सोपी केल्यानं मतदान थोडंच वाढतं? चिलीनं 2012 मध्ये नोंदणी आपोआप केली, त्याच वेळी मतदान ऐच्छिक केलं. यादी फुगली, केंद्रांवर गर्दी मात्र झाली नाही. ठीक आहे. मत न देणं ही माझी निवड असू शकते. यादीत नसणं ही माझी निवड नसते. हा फरक शासनानं मानला, तर नाव काढण्याआधी ते माझ्या दारी पुन्हा येईल, आणि कुलूप दिसलं तर कारण शोधेल. 1948 मध्ये निर्वासिताला दिलेली ती सवलत आता प्रत्येकाचा हक्क व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं.