दृष्टांत कुणाचा? ‘बिअर गेम’ आणि व्यवस्थापनाचं प्रशिक्षण

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही म्हटलं होतं की व्यवस्थापनाच्या वर्गांत आज जी संगणकीय सिम्युलेशन्स खेळवली जातात त्यांच्याकडे तत्त्वज्ञानाच्या माणसानेही एकदा नीट बघायला हवं. खेळ म्हणून नव्हे, युक्तिवाद म्हणून. कारण खेळणारा माणूस वर्गातून उठताना ‘जग असं चालतं’ असा एक निष्कर्ष घेऊन उठतो. तो निष्कर्ष कशावरून आला, हे विचारणं आमचं कामच आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. युद्धसरावाचे खेळ सैन्यात फार जुने. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ च्या सुमारास उच्चपदस्थ अधिकाऱ्यांसाठी संगणकावर चालणारा धंद्याचा खेळ तयार केला. त्याच सुमाराला, १९५६ मध्ये, जे फॉरेस्टर हे संगणक अभियंते एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आले. त्यांच्या परंपरेतून पुढे ‘बिअर गेम’ निघाला. तो मुळात कागदी पटावरचा, सोंगट्यांचा खेळ. संगणकावर तो नंतर गेला, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

खेळ असा. चार जण एका रांगेत : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. गिऱ्हाइकाची मागणी फक्त दुकानदाराला दिसते. बाकीच्यांना दिसते ती शेजाऱ्याची ऑर्डर, बस्स. आपसांत बोलायचं नाही. माल एका टप्प्यावरून दुसऱ्यावर यायला दोन आठवडे. शिल्लक मालावर क्रेटमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, आणि पुरी न झालेल्या ऑर्डरवर एक डॉलर. पहिले चार आठवडे गिऱ्हाईक दर आठवड्याला चार क्रेट मागतं. पाचव्यात आठ मागतं, आणि शेवटपर्यंत आठच. एवढाच बदल!

मग काय होतं? दुकानदाराचा माल संपतो. तो ऑर्डर वाढवतो. माल येत नाही म्हणून आणखी वाढवतो. प्रत्येक टप्प्यावर आकडा फुगत कारखान्यापर्यंत जातो. मग एके दिवशी सगळा माल एकदम येऊन पडतो आणि ऑर्डरी शून्यावर येतात. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये या खेळावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात संघांचा सरासरी खर्च चांगल्या नियमाने येणाऱ्या खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. खेळ संपल्यावर विचारलं की गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल, तर कारखानदार हमखास मोठमोठ्या लाटा काढून दाखवतात. मग खरी रेघ दाखवली जाते. चार, आणि मग आठ. वर्गात शांतता पसरते.

ही शांतता आम्हाला मोलाची वाटते. दोष माणसाचा नसतो, रचनेचा असतो, हे पुस्तकात शंभरदा वाचून कळत नाही ते इथे तासाभरात अंगाला लागतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण आता न्यायदर्शनाकडे येऊ. न्यायसूत्रांत दृष्टांताला एक अट घातली आहे. सामान्य माणूस आणि परीक्षक, दोघांची ज्याविषयी समजूत सारखी, तोच दृष्टांत. स्वयंपाकघरातला धूर आणि विस्तव दोघांनीही पाहिलेला असतो, म्हणून तो चालतो. सिम्युलेशन हा दृष्टांतच, पण घडवलेला. इथे स्वयंपाकघर बांधणारा एक, आणि धूर खाणारा दुसरा. कागदी पटावर निदान सोंगट्या डोळ्यांसमोर सरकत. माल कुठे अडकलाय, हे मान वळवली की दिसे. संगणकावर एक चौकट असते, तिच्यात आकडा टाकायचा आणि ‘पुढचा आठवडा’ हे बटण दाबायचं. मधलं सगळं परीक्षकाच्या पोटात. सोय म्हणून केलेला बदल, पण त्याने दृष्टांताचा पायाच काढून घेतला.

आणि आत काय ठेवलंय? बघा, १९९७ मध्ये हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघांनी याच फुगवट्याची चार कारणं मांडली. मागणीचा अंदाज सतत बदलत राहणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, किमतींतले चढउतार आणि टंचाईत जास्तीची मागणी नोंदवून ठेवणं. त्यांचं म्हणणं असं, की माणसं पूर्ण शहाणपणाने वागली तरी हा फुगवटा येतो. बिअर गेममध्ये किंमत नाही, ऑर्डर देण्याचा खर्च नाही, आणि प्रत्येक पुरवठादाराचं गिऱ्हाईक एकच, म्हणजे टंचाईत वाटणीचा प्रश्नच नाही. चारांतली तीन कारणं दाराबाहेरच राहिली. उरलं ते एक, आणि खेळणाऱ्याला वाटतं की आपण ते शोधून काढलं. त्याने शोधलं नाही हो, त्याच्यासाठी ते आत ठेवलेलंच होतं.

कुणी म्हणेल, प्रत्येक प्रतिकृतीत काहीतरी गाळावंच लागतं. कबूल. गावाएवढा नकाशा कुणाच्या उपयोगाचा? मात्र काय गाळलं, हे नकाशा वापरणाऱ्याला कळायला हवं. आणि काही गाळणी निव्वळ सोयीची नसतात. या खेळातला कारखाना घ्या. त्याला उत्पादनाची मर्यादा नाही. एका आठवड्यात चाळीस क्रेट, पुढच्यात शून्य, त्यानंतर पुन्हा हवे तेवढे. शून्याला खर्च किती? काही नाही. खऱ्या कारखान्यात शून्य म्हणजे पाळी बंद, कंत्राटी कामगार घरी, ट्रकवाला फाटकाबाहेर उभा. गोदामात पडून राहिलेल्या क्रेटला खेळात अर्धा डॉलर किंमत आहे, रिकाम्या बसलेल्या माणसाला कसलीच नाही. जो हे शंभर वेळा खेळेल त्याच्या हाताला शून्य लिहायची सवय लागणार नाही का?

तीच गोष्ट न बोलण्याच्या नियमाची. शेवटी शिकवणारा सांगतो, बघा, माहितीची देवाणघेवाण नसली की काय होतं! अरे, पण बोलू नका असं तुम्हीच तर सांगितलंत. नियम रचणारा माणूस ‘व्यवस्था’ या शब्दाआड उभा राहतो आणि कुणीच जबाबदार उरत नाही. धंद्यातही माहिती आपोआप अडत नाही, ती कुणीतरी अडवतं, आणि बहुधा त्यात त्याचा फायदा असतो. तो माणूस या पटावर बसलेलाच नाही.

म्हणून आमची सूचना रचनाकारांना आहे. खेळाचा दुसरा डाव नियम बदलून खेळू द्या. खेळणाऱ्यांनीच ठरवावं की शून्याला खर्च किती, कारखान्याची मर्यादा किती, कुणी कुणाशी बोलायचं. समीकरणं उघडी ठेवा. अर्धा डॉलर आणि एक डॉलर हे आकडे कुठून आले, यावर तासभर भांडू द्या. काही वर्गांत असे बदल करून बघणारे शिक्षक आहेत, नाही असं नाही. पण तयार विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती मुभा बहुधा नसते, आणि संस्थांच्या वेळापत्रकात दुसऱ्या डावाला तास नसतो.

पुढच्या वेळी फॉरेस्टर यांच्या शहरांवरच्या प्रतिकृतीकडे वळू. आता तुमचे प्रश्न घेऊ.