नाट्याध्यापन आणि सामंतांची साक्ष

नाटक ही प्रयोगसापेक्ष कला होय. तथापि महाविद्यालयीन वर्गात ती बहुधा वाचनापुरतीच उरते. कथानक, स्वभावरेखन, संवाद अशा ठरीव शीर्षकांखाली टिपणे उतरविली की अध्यापन पुरे झाले, असा समज रूढ आहे. या उणिवेवर उपाय म्हणून भूमिकाभिनय, अभिवाचन, पात्रांची काल्पनिक पत्रे अशा सर्जनशील उपक्रमांचा आणि त्यांच्या जोडीने समाजमाध्यमांचा पुरस्कार केला जातो. त्याची ग्राह्याग्राह्यता सामान्य तत्त्वांपेक्षा एखाद्या विशिष्ट कृतीवर पारखून पाहणे श्रेयस्कर. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. या परीक्षेला ते विशेष उपयोगी आहे. कारण त्याचा विषयच मुळी एक उपक्रम आहे.

मुंबईची हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका खेड्यात येतात. गैरहजर नटाच्या जागी सामंत या स्थानिक गृहस्थास उभे करावयाचे असते. त्यास न्यायालयाची रीत समजावी म्हणून लुटुपुटीचा खटला मांडला जातो आणि लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. पाहता पाहता खेळ उरत नाही. तिचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येते. अध्यापनार्थ योजलेला खेळ क्रौर्याचे साधन कसा बनतो, हे नाटककाराने येथे दाखविले आहे. म्हणून हाच खटला वर्गात हौसेने वठविणे म्हणजे मूळ अपराधाची पुनरावृत्ती ठरण्याचा संभव आहे.

करमाळा तालुक्यातील केमसारख्या गावातील विद्यार्थ्यास या नाटकाकडे जाण्याची एक निराळी वाट उपलब्ध आहे. शहरी वाचक मुंबईकर मंडळींच्या बाजूने खेड्यात प्रवेश करतो. केमचा विद्यार्थी सामंताच्या जागेवरून त्या मंडळींकडे पाहू शकतो. शिवाय कुंकवाच्या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात सौभाग्यचिन्हाचे सामाजिक मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बेणारेबाईंवरील आरोपाचे खरे वजन तेथे सहज उमगेल.

सामंत स्वभावाने निष्कपट. पण साक्षीसाठी तो हाताशी असलेल्या कादंबरीतील प्रसंगाचा आधार घेतो आणि ती कल्पित साक्ष बेणारेबाईंच्या वर्मी लागते. अतएव वर्गात खटला वठविण्याऐवजी प्रत्येक साक्ष तपासण्याचा उपक्रम योजावा: साक्षीदाराने काय पाहिले, काय ऐकले, काय रचले? खेळाचे गांभीर्यात रूपांतर नेमके कोणत्या वाक्यापाशी झाले? या प्रश्नांची उत्तरे संहितेतूनच द्यावी लागतात.

समाजमाध्यमांचा प्रश्नही येथेच सुटतो. व्हॉट्सॲपच्या समूहावर ऐकीव वार्ता पुढे ढकलणारा प्रत्येकजण नकळत सामंताचीच भूमिका वठवीत असतो. हे साम्य विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे हा त्या माध्यमाचा उत्तम उपयोग होय. उलट बेणारेबाईंच्या नावाने खाते उघडून तिच्यावर अभिप्राय मागविणे वर्ज्य मानावे. त्यात पात्राची विटंबना आहेच. परंतु वर्गातील एखाद्या खऱ्या मुलीकडे बोट वळण्यास तेवढे निमित्त पुरते. अखेरच्या प्रदीर्घ स्वगताचे ध्वनिमुद्रण वर्गापुरत्या मर्यादित समूहावर ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर कोणी काहीही लिहू नये. बेणारेबाई बोलत असता न्यायालयातील मंडळी निश्चल असतात. तिचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या माध्यमात तत्काळ प्रत्युत्तर हाच शिरस्ता, तेथे मौनाने ऐकण्याचा हा अभ्यास नाटकाच्या मर्माशी नेणारा ठरेल.

सारांश, उपक्रमाची कसोटी वर्गातील उत्साह ही नव्हे. विद्यार्थी संहितेकडे परतला काय, आणि परतताना कोणा माणसास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी क्षणभर थबकला काय, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच नाटक शिकविले गेले असे म्हणता येईल.