पावसाची सरासरी आणि "लॉजिक कच्चं आहे" हा शेरा

येडशीत पाऊस हा गप्पांचा विषय नाही, हिशोबाचा विषय आहे. रामलिंगच्या घाटात धबधबा सुरू झाला की गावाला बरं वाटतं, पण शेतकऱ्याला आकडा हवा असतो: काल रात्री किती मिलिमीटर झाला? आज याच आकड्यांवरच्या एका जुन्या प्रश्नाबद्दल लिहितोय. प्रोग्रामिंग शिकवण्यावरच्या संशोधनात हा प्रश्न चाळीस वर्षं फिरतो आहे. तुम्ही कॉम्प्युटर सायन्स एज्युकेशनमध्ये संशोधन करायचं म्हणत असाल तर तो तुमच्या वाचनात येणारच. म्हणून तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधीच बघून ठेवू.

प्रश्न साधा वाटतो. रोजच्या पावसाचे आकडे एकेक करून वाचा. ९९९९९ आला की थांबा, तो आकडा पावसाचा नाही, फक्त संपल्याची खूण आहे. ऋण आकडा आला तर तो घेऊ नका. शेवटी सरासरी छापा. याला 'रेनफॉल प्रॉब्लेम' म्हणतात. एका रूपात तर त्याला गोष्टही जोडली आहे: नोहाला आपलं तारू कधी सोडायचं हे ठरवायचंय, म्हणून तो न्यू हेवनचा पाऊस मोजतोय. न्यू हेवन कारण हे संशोधन येल विद्यापीठातलं.

१९८३ चा पेपर: चांगलं काय आहे

इलियट सोलोवे, जेफ्री बोनार आणि केट एर्लिक यांचा पेपर १९८३ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' मध्ये आला. तेव्हा प्रश्नात पाऊस नव्हता. नुसते पूर्णांक वाचायचे, ९९९९९ वर थांबायचं, तो सोडून सरासरी काढायची. त्यांचं म्हणणं असं: माणूस स्वाभाविकपणे 'आधी वाच, मग वापर' असा विचार करतो. आकडा घे, खूण आहे का बघ, नसेल तर बेरजेत टाक, पुन्हा पुढचा घे. पण पास्कल भाषेतला व्हाइल लूप अट सुरुवातीलाच तपासतो. त्यामुळे पहिला आकडा लूपच्या बाहेर वाचावा लागतो आणि लूपच्या आत उलटा क्रम येतो: आधी वापर, मग पुढचा वाच. डोक्यातला क्रम एक, भाषेतला दुसरा.

मग त्यांनी एका गटाला नेहमीचं पास्कल दिलं आणि दुसऱ्याला मधूनच बाहेर पडता येईल असा लूप असलेलं पास्कल. नवशिक्यांपैकी नेहमीच्या पास्कलमध्ये १४ टक्के बरोबर आले, बदललेल्या पास्कलमध्ये २४ टक्के. सगळ्यात पुढच्या गटात हेच आकडे ६९ आणि ९६ होते.

शाबासकी द्यायची ती इथे. "मुलांना जमत नाही" एवढं म्हणून ते थांबले नाहीत. का जमत नाही याचा एक ठोस अंदाज बांधला आणि तो खोटा ठरू शकेल अशी चाचणी लावली. प्रबंधाचा पहिला प्रकरण-आराखडा लिहिताना हा पेपर शेजारी ठेवा.

पण आता तेच आकडे उलटे वाचा. भाषेतली अडचण काढून टाकल्यावरसुद्धा नवशिक्यांतले ७६ टक्के चुकलेच. म्हणजे लेखकांनी सांगितलेलं कारण खरं आहे, पण ते खिंडारातली एक वीट आहे. बाकीचं खिंडार कशाचं? पुढच्या काळात या पेपरचा उल्लेख "नवशिक्यांना साधी सरासरीही काढता येत नाही" असा व्हायला लागला, आणि हा प्रश्न बाजूला पडला.

एकच ओळ, दोन कारणं

सुट्टीत गावी आलो की ओट्यावर दोन-तीन पोरं लॅपटॉप घेऊन बसतात. दोघं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, दोघं मराठी माध्यमातले. मी त्यांना पावसाचा प्रश्न दिला, इंग्रजीतच, कारण परीक्षेत तो इंग्रजीतच येतो. दोघांनीही अट लिहिली: आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तरच बेरजेत घे आणि मोजणी एकने वाढव.

चाचणीसाठी मी आकडे दिले: १२, ०, -३, ३०, ९९९९९. अपेक्षित उत्तर १४, कारण ४२ भागिले ३. दोघांचंही उत्तर चुकलं. एकाचं आलं २१, म्हणजे ४२ भागिले २. दुसऱ्याने खूण तपासण्याआधीच बेरीज केली होती, त्याचं आलं ३३३४७. तेहेतीस मीटर पाऊस! तो स्वतःच हसला आणि ती चूक त्याने त्याची त्याने दुरुस्त केली. मग त्याचंही उत्तर २१ आलं.

आता दोघांच्याही प्रोग्राममध्ये तीच ओळ, तेच चुकीचं उत्तर. तपासणीच्या सॉफ्टवेअरला दोघं सारखेच. मी विचारलं, शून्य का सोडला?

पहिला म्हणाला, "दादा, पाऊसच पडला नाही तर त्या दिवसाचा पाऊस कसा धरायचा?"

दुसरा म्हणाला, "ऋण नको म्हणून शून्यापेक्षा मोठा लिहिलं. शून्याचं डोक्यातच आलं नाही."

बघा, पहिल्याने प्रश्नाचा वेगळा अर्थ लावला आणि त्या अर्थाचा प्रोग्राम अचूक लिहिला. दुसऱ्याने अर्थ बरोबर लावला आणि कोडमध्ये कडेचा आकडा निसटला. पहिल्याला प्रश्न नीट उलगडून सांगायला हवा, दुसऱ्याला 'शून्य टाकून बघ' एवढं सांगितलं तरी पुरे. दोघांना मिळणारा शेरा मात्र एकच: लॉजिक कच्चं आहे. पदवीला असताना हा शेरा मलाही मिळाला होता, आणि तो खरा मानून मी वर्षभर प्रोग्रामिंगपासून लांब पळत होतो. नक्की काय चुकलं होतं ते मला कधीच कळलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

पहिल्याचा अर्थ वेडगळही नाही. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस'. म्हणजे रोजची सरासरी वेगळी आणि पावसाच्या दिवसाची सरासरी वेगळी, दोन्ही खऱ्या. आपल्याकडे अतिवृष्टी धरताना तर सरासरी चालतच नाही, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त झाला का, हे बघतात. नोंदवहीत रिकामी जागा आणि शून्य यांतही फरक असतो: शून्य म्हणजे पाऊस नाही, रिकामी जागा म्हणजे मोजलाच नाही. हे ज्या पोरांना घरातून ठाऊक आहे त्यांच्यासाठी 'सरासरी छापा' हे वाक्य अर्धवट आहे.

भाषेचीही एक गाठ आहे. इंग्रजीतलं 'अनटिल' आपण 'पर्यंत' असं वाचतो. "शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा" म्हटलं तर शुक्रवार धरून. मग '९९९९९ पर्यंत वाच' यात ९९९९९ धरायचा की नाही? प्रश्नात पुढे ते स्पष्ट केलेलं असतं, पण घाईत पहिलं वाक्य डोक्यात बसतं आणि दुसरं नुसतं डोळ्यांखालून जातं. तेहेतीस मीटर पावसाचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही. दोन पोरांवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण विचारण्याजोगा प्रश्न मात्र मिळतो.

पुढचं संशोधन कुठे पोचलं

१९८५ मध्ये लुईस जॉन्सन आणि सोलोवे यांनी 'प्राउस्ट' नावाचा प्रोग्राम मांडला. विद्यार्थ्याचा कोड वाचून त्यामागची उद्दिष्टं आणि योजना ओळखायच्या, असा त्याचा प्रयत्न. 'बेरीज ठेव' ही एक योजना, 'मोजणी ठेव' ही दुसरी, 'चुकीचा आकडा गाळ' ही तिसरी. एकेकटी योजना मुलांना येते, पण तिन्ही एकाच लूपमध्ये गुंफायच्या म्हटलं की धागे सुटतात. वर्गात शिकवताना ही कल्पना फार उपयोगी आहे. मर्यादा अशी की उद्दिष्टं आधीच ठरलेली आहेत. ओट्यावरच्या पहिल्या पोराचं उद्दिष्टच वेगळं होतं. कोडकडे बघून ते कळत नाही, त्याला विचारावं लागतं.

२००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला दिले. सरासरी गुण आले ११० पैकी २२.८९. सगळ्यांना धक्का बसला. याच अहवालात पाच पायऱ्या दिल्या आहेत: वर्णनातून प्रश्न वेगळा काढणं, त्याचे तुकडे करणं, तुकड्यांची उत्तरं लिहिणं, ती जोडणं, आणि तपासणं. पायऱ्या उत्तम आहेत. पण गुण मुख्यतः शेवटी हातात आलेल्या प्रोग्रामला. पाचपैकी कोणत्या पायरीवर पाय घसरला, ते गुणांत दिसत नाही. पहिलीच पायरी विद्यार्थ्यांना सगळ्यात जड गेली असावी असं गटाने नोंदवलं, पण ती वेगळी मोजलेली नव्हती. २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने त्याच्याही मागे जाऊन दाखवलं की पुष्कळांना दिलेला छोटा कोडसुद्धा नीट वाचता येत नाही. ते खरंच आहे. तरी 'कोड वाचणं' तपासलं गेलं आणि 'प्रश्न वाचणं' पुन्हा मागे राहिलं.

२०१४ मध्ये कॅथी फिस्लर यांनी फंक्शनल भाषेत शिकलेल्या मुलांना हाच प्रश्न दिला आणि ती बरीच चांगली निघाली. लगेच "भाषा बदला" असा निष्कर्ष काढू नका. त्यांच्या रूपात आकडे एकेक करून वाचायचे नव्हते, तयार यादी दिली होती. १९८३ चं मूळ भांडण तर वाचण्याच्या क्रमाशी होतं! शिवाय त्या मुलांना आधी उदाहरणं लिही, मग कोड लिही, अशी सवय लावलेली होती. श्रेय भाषेचं, यादीचं की सवयीचं? नाव तेच राहिलं तरी रूपागणिक प्रश्न बदलतो, आणि आपण निकालांची तुलना करत बसतो.

मला सगळ्यात पटलेलं काम २०१९ चं, जेम्स प्रेथर आणि सहकाऱ्यांचं. प्रश्न वाचल्यावर कोड लिहिण्याआधी विद्यार्थ्याने एका उदाहरणाचं उत्तर स्वतः सांगायचं, एवढाच बदल. ज्यांनी हे केलं त्यांना प्रश्न जास्त नीट समजला आणि त्यांचं काम पुरं होण्याची शक्यता वाढली. इथे पहिली पायरी वेगळी काढून बघितली आहे. साधा उपाय, पण नेमक्या जागी.

आता तर कोड मशीन लिहितं

२०२२ मध्ये जेम्स फिनी-ॲन्सली आणि सहकाऱ्यांनी ओपनएआयच्या कोडेक्सला पहिल्या कोर्सची परीक्षा दिली. ७१ विद्यार्थ्यांसोबत लावला तर त्याचा नंबर सतरावा. रेनफॉलची वेगवेगळी रूपंही त्याला दिली होती. काही जण म्हणतात, मग आता हे शिकवायचं कशाला? मला उलट वाटतं. कोड लिहून मिळणार असेल तर माणसाकडे उरतं ते हेच: कोणती सरासरी हवी आहे, शून्य धरायचा का, एकही आकडा आला नाही तर काय छापायचं. आपण ज्या पायरीला कधी गुण दिले नाहीत तीच आता मुख्य होऊन बसली आहे.

म्हणून संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. एक, "विद्यार्थ्यांना जमत नाही" असा निकाल वाचला की आधी प्रश्नाचं मूळ वाक्य शोधून वाचा, टक्केवारी नंतर. दोन, तुमच्या प्रयोगात कोडच्या आधी हाताने सोडवलेलं एक उदाहरण मागून घ्या. दिलेल्या आकड्यांवर २१ लिहिणारा आणि १४ लिहूनही कोड चुकवणारा, हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत. तीन, चुकलेल्यांपैकी काहींना तरी समोर बसवून विचारा, त्यांच्या भाषेत विचारा. वेळ जातो, नमुना लहान राहतो, पण याशिवाय आकड्यामागचं कारण हाती लागत नाही.

ओट्यावरच्या पहिल्या पोराला मी म्हटलं, तुझं लॉजिक पक्कं आहे, फक्त तू वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलंस. तो थोडा वेळ गप्प बसला. मग प्रश्न पुन्हा वाचला, 'शून्य धरायचा' असं वहीत मराठीत लिहिलं आणि अट बदलली. उत्तर आलं १४. त्यानंतर त्यानेच विचारलं, "पण दादा, पहिलाच आकडा ९९९९९ आला तर भागायचं कशाने?"

हा प्रश्न मी त्याला दिलेल्या कागदावर कुठेच नव्हता.