दोन स्तंभ, तीन भाषा : चेरीतालच्या निमित्ताने इंग्रजी अध्यापनातील संस्कृतीचा विचार

१

इंग्रजी ही द्वितीय भाषा म्हणून शिकविताना संस्कृती आणि चालू विषय यांचा आधार घ्यावा, हे सूत्र अध्यापनशास्त्रात जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. भाषा ही नुसती नियमांची व्यवस्था नसून ती समाजाच्या जगण्याशी निगडित असते, हा त्यामागील विचार रास्तच आहे. मात्र या सूत्रात दोन गृहीतके दडलेली आहेत. विद्यार्थ्याची पहिली भाषा निश्चित आहे, हे पहिले. आणि 'संस्कृती' म्हणजे कोणाची संस्कृती हे ठरलेले आहे, हे दुसरे. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांकडे पाहिले की ही दोन्ही गृहीतके डळमळू लागतात. जबलपूर शहरातील चेरीताल या वस्तीच्या संदर्भात त्यांची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

जबलपूरचा मराठीशी संबंध जुना आहे. १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर नागपूर आणि जबलपूर एकाच प्रशासनात आले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मात्र ही दोन शहरे वेगळी केली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले. मागे राहिलेल्या मराठी घरांत त्यानंतर जी भाषिक स्थिती निर्माण झाली तिला 'द्विभाषिक' हा शब्द पुरेसा नाही. चेरीतालसारख्या मोहल्ल्यात वाढणारे मराठी घरातील मूल आजीशी मराठीत बोलते, गल्लीत बुंदेली वळणाच्या हिंदीत खेळते, आणि शाळेत इंग्रजीला सामोरे जाते. इंग्रजी शब्दाचा अर्थ त्याला हिंदीतून सांगितला जातो, तो समजतो मात्र कित्येकदा मराठीच्या आधाराने. अशा मुलासाठी इंग्रजी 'द्वितीय' कोणत्या अर्थाने? १९६८ च्या शिक्षण धोरणातील त्रिभाषा सूत्राने हिंदीभाषी राज्यांत आधुनिक भारतीय भाषेला स्थान देऊ केले. परंतु व्यवहारात ते स्थान बहुधा संस्कृतने भरून निघाले. परिणामी घरची भाषा ही शाळेच्या दृष्टीने भाषाच उरली नाही.

२

या प्रश्नाची एक बाजू मराठीच्या स्वतःच्या इतिहासात फार पूर्वी हाताळली गेली आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी सुरू केलेल्या 'दर्पण'ची नोंद पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून घेतली जाते. त्याचे दुसरे वैशिष्ट्य तुलनेने कमी चर्चिले गेले आहे. 'दर्पण'च्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी व एक मराठी. स्वदेशीयांत इंग्रजी विद्येच्या अभ्यासाला उत्तेजन देणे आणि सार्वजनिक प्रश्नांच्या खुल्या चर्चेसाठी जागा निर्माण करणे, ही दोन्ही उद्दिष्टे या पत्राने एकत्र मानली होती. इंग्रजीचे शिक्षण आणि चालू विषयांची चर्चा यांची सांगड घालण्याचा हा मराठीतील आद्य प्रयत्न होय.

या मांडणीचे मर्म तिच्या शेजारपणात आहे. एकाच मजकुराचे दोन अवतार डोळ्यांसमोर असल्यामुळे वाचक एका स्तंभाचा पडताळा दुसऱ्यावरून घेऊ शकत होता. इंग्रजी येथे वरून उतरणारे ज्ञान नव्हती. ठाऊक असलेल्या गोष्टीचे दुसरे कथन होती. शिवाय तो इंग्रजी स्तंभ राज्यकर्त्यांनाही वाचता येत असल्याने एतद्देशीयांचे मत त्यांच्यापर्यंत नेण्याचे साधनही होता. ही परंपरा पुढे 'इंदुप्रकाश' (१८६२) आणि 'सुधारक' (१८८८) यांनी चालविली. 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी बाजूशी न्यायमूर्ती रानडे यांचे नाव निगडित आहे. त्याच पत्रात १८९३-९४ मध्ये अरविंद घोष यांची काँग्रेसच्या धोरणावर टीका करणारी लेखमाला प्रसिद्ध झाली. 'सुधारक'चा इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. चिपळूणकरांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या 'वाघिणीचे दूध' या प्रतिमेत शिकणारा हा पिणारा आहे. दोन स्तंभांच्या परंपरेत तो तपासणारा आहे. हा भेद महत्त्वाचा आहे.

३

विसाव्या शतकातील पाठ्यपुस्तकी इंग्रजीत हे शेजारपण हरवले. संस्कृती आली ती दोन रूपांत. पहिल्या रूपात डॅफोडिल आणि हिमवर्षाव होते, विद्यार्थ्याने कधीही न पाहिलेले. दुसऱ्या रूपात दिवाळी, ताजमहाल व 'आपले सण' असे परिच्छेद आले. हे रूप देशी असले तरी त्यातही पडताळ्याला वाव नाही, कारण परिच्छेद इतका सर्वसाधारण असतो की तो कोणत्याही घराचा नसतो. चालू विषयांची गतही निराळी नाही. प्रदूषण, लोकसंख्या, भ्रष्टाचार यांवरचे ठरीव निबंध मार्गदर्शकातून पाठ होतात. विषय 'चालू' असतो, वाक्ये मात्र थिजलेली असतात.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा भारतातील एक लक्षणीय प्रयत्न म्हणजे एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमधून चाललेला बंगलोर प्रकल्प. विद्यार्थ्याचे लक्ष रूपावर नव्हे तर अर्थावर असताना भाषा आत्मसात होते, या भूमिकेतून तेथे नकाशे, वेळापत्रके यांसारख्या सामग्रीवर आधारित तर्कप्रधान कृती योजल्या गेल्या. प्रकल्पाचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि वेळापत्रकाला उत्तर असते, मत नसते. गाडी किती वाजता सुटते याचा निर्णय करता येतो. ती कोणाच्या गावावरून जाते हा प्रश्न त्या कृतीत उपस्थित होत नाही. अर्थ आला, परंतु त्याच्याशी येणारा वाद बाहेरच राहिला. २००५ च्या राष्ट्रीय पाठ्यक्रम आराखड्याने बहुभाषिकता ही वर्गातील साधनसंपत्ती मानली, ही पुढची पायरी होय. ती संपत्ती प्रत्यक्षात खर्च कशी करावयाची, हा प्रश्न शिल्लक आहे.

४

जबलपूरपुरते त्याचे एक उत्तर शहराविषयीच्याच इंग्रजी लेखनात सापडते. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धी पावलेला अधिकारी विल्यम स्लीमन याचा जबलपूरशी दीर्घ संबंध होता. १८४४ मध्ये प्रकाशित झालेल्या त्याच्या आठवणींच्या ग्रंथात आरंभीच्या प्रकरणांमध्येच नर्मदेची कथा येते. सोणाशी ठरलेला विवाह, त्याला पाहून येण्यासाठी नर्मदेने पाठविलेली जोहिला, सोणाचे जोहिलेवर भाळणे, आणि संतापलेल्या नर्मदेचे पश्चिमेकडे वळणे, असा तिचा गाभा आहे. नर्मदाकाठच्या घरांतून ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. भूगोलही तिला साक्ष देतो. नर्मदा व सोण या दोन्ही नद्या अमरकंटकच्या परिसरात उगम पावून विरुद्ध दिशांना जातात, आणि जोहिला पुढे सोणालाच मिळते.

ही दोन कथने वर्गात शेजारी ठेवली की 'दर्पण'चे पान पुन्हा उघडते. प्रवासी अधिकाऱ्याच्या ग्रंथात कथा लोकसमजुतीचा नमुना म्हणून येते. आजीच्या तोंडी ती नदीला नमस्कार करण्याचे कारण असते. इंग्रजीत जोहिला न्हाव्याची मुलगी आहे. घरच्या कथनात ती नुसती दासी असू शकते, अंगावर नर्मदेचे दागिने घालून गेलेली. दोष कोणाचा, सोणाचा की जोहिलेचा, हे दोन्ही कथनांत सारखेच ठरते का? हा प्रश्न विचारण्यासाठी विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्य बारकाईने वाचावे लागते, आणि उत्तर देण्यासाठी इंग्रजीत वाक्य रचावे लागते. व्याकरणाची गरज येथे आतून निर्माण होते. चालू विषयांनाही हाच न्याय लागू पडतो. २२ मे १९९७ च्या भूकंपाची इंग्रजी बातमी आणि त्या रात्रीची घरातील हकीकत, किंवा १९९० मध्ये पूर्ण झालेल्या बरगी धरणाचा इंग्रजी अहवाल आणि जमीन गेलेल्या माणसाचे कथन, अशा जोड्या वर्गाला उपलब्ध आहेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शालेय विद्यार्थ्याला अवघड आहे, हा पहिला. तो खरा आहे. परंतु कथा आधीच ठाऊक असल्याने अपरिचित वाक्यरचनेचा भार हलका होतो, आणि शिक्षकाला चार-सहा वाक्यांचा वेचाही पुरतो. अशाने विद्यार्थी गावापुरताच राहील, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंग्रजी शिकण्याची सामाजिक प्रेरणा गावाबाहेर पडण्याची आहे, हे विसरून चालणार नाही. वंचितांच्या मुक्तीसाठी सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, ते याच जाणिवेतून. मात्र बाहेर पडणे आणि बाहेरच्याचे निमूटपणे मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला स्वतःच्या नदीवरील इंग्रजी वाक्य तपासता आले, तो पुढे दूरच्या देशाविषयीचे वाक्यही तपासून घेईल.

५

चेरीताल या नावातच या विवेचनाचा एक धडा आहे. गढा राज्याच्या राणी दुर्गावतीने राणीताल बांधविला, तिच्या चेरीच्या नावे चेरीताल झाला आणि अधारसिंह या मंत्र्याच्या नावे अधारताल, असे स्थानिक परंपरा सांगते. हिंदीत चेरी म्हणजे दासी. आजच्या मराठी मुलाला मात्र 'चेरी' म्हटल्यावर केकवरील लाल फळ आठवण्याचा संभव अधिक. इंग्रजी शब्दाने येथे मराठी कानाचाही ताबा घेतला आहे. आपल्या वस्तीचे नाव इंग्रजीत समजावून सांगा, एवढाच प्रश्न वर्गात विचारला तर त्या मुलाला हिंदी शब्द, मराठी आठवण आणि इंग्रजी वाक्य या तिन्हींची गरज पडेल. त्याच्या तीन भाषांपैकी कोणतीही राणी नसेल आणि कोणतीही चेरी नसेल. इंग्रजीचे अध्यापन संस्कृतीच्या आधारे व्हावे या सूत्राला अर्थ प्राप्त होतो तो याच मर्यादेत. संस्कृती ही पाठातून देण्याची वस्तू नव्हे; ज्याच्यावरून पाठ तपासून घ्यावयाचा, असा तो विद्यार्थ्याकडे आधीच असलेला दुसरा स्तंभ आहे.