चंद्रलेखाबाईंची नृत्यरचना

भरतनाट्याच्या रंगभूमीवर रुळलेली चौकट मोडून कोणी नवे मांडू लागला, की परंपरेचे अभिमानी व नवतेचे उपासक असे दोन्ही पक्ष त्याला एकच प्रश्न विचारतात: ह्याचे मूळ कोठे आहे? चंद्रलेखा (१९२८–२००६) ह्यांच्या रचनांना हा प्रश्न अखेरपर्यंत चिकटून राहिला. त्यांनी अलंकार काढून टाकले, नायिकेची विरहपदे टाकली, देवादिकांच्या कथा टाकल्या. म्हणून कित्येकांनी त्यांस परंपराद्रोही ठरविले आणि कित्येकांनी नेमक्या त्याच कारणास्तव त्यांना डोक्यावर घेतले. आमच्या मते दोन्ही पक्षांनी परंपरा म्हणजे काय ह्याचा विचार केलेला नाही.

अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज सनातन समजला जातो, तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु ह्या तंजावरच्या चार बंधूंनी सिद्ध केला. त्यांस आश्रय होता तो सरफोजीराजांच्या, म्हणजे मराठ्यांच्याच दरबाराचा. खुद्द सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या आहेत. महाराष्ट्राला ह्याची आठवण फारशी राहिलेली नाही, हे जाता जाता नमूद करून ठेवतो. पुढे १९३० नंतरच्या दशकात रुक्मिणीदेवी अरुंडेल प्रभृतींनी जुन्या ‘सदिर’ नृत्याला नवा वेष व नवी प्रतिष्ठा दिली. तेव्हा हा क्रम मोडणे म्हणजे फार तर दीडदोनशे वर्षांची व्यवस्था मोडणे होय. मूळ त्याहून खोल असले पाहिजे, आणि बाईंनी शोध घेतला तो त्या मुळाचा.

बाईंचा जन्म महाराष्ट्रातील वाडा येथला. नृत्यशिक्षण मद्रासेत एल्लप्पा पिळ्ळै ह्यांच्यापाशी. १९५२ साली त्यांचे पहिले जाहीर नृत्य झाले ते रायलसीमेच्या दुष्काळनिधीसाठी. त्यात यमुनेच्या जलविहाराचा अभिनय करीत असता भेगाळलेली भूमी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली व हात जागच्या जागी थिजले, असे त्या सांगत. ज्या कलेत पाणी इतके विपुल आहे तिचा बाहेरच्या कोरड्या जगाशी संबंध कोणता, हा संशय त्यांच्या मनातून मग गेला नाही. ‘देवदासी’ (१९६०) व ‘नवग्रह’ (१९७२) ह्या रचनांनंतर त्या रंगभूमीपासून दूरच राहिल्या. १९८४ साली मुंबईत पौर्वात्य व पाश्चात्त्य नर्तकांचे संमेलन भरले, तेथे त्यांची कला पुन्हा लोकांसमोर आली. आणि दुसऱ्याच वर्षी ‘आंगिक’ अवतरले.

नावातच प्रतिज्ञा आहे. शास्त्राने अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. बाईंनी पहिला पत्करला व आहार्याला जवळजवळ रजा दिली. भरतनाट्यात गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची जी ‘अरैमंडी’, ती त्यांच्या दृष्टीने केवळ आरंभस्थिती नव्हती. सगळे नृत्य तेथेच साठविलेले आहे अशी त्यांची धारणा होती. केरळचे कळरीपयट्टू व योगासने त्यांनी शेजारी आणून ठेवली तीही वैचित्र्यासाठी नव्हेत. कळरीचा योद्धा जमिनीलगत खाली बसतो, आसनातील साधक मणका ताठ ठेवून भार खाली सोडतो, नर्तकी अर्ध्या बैठकीतून पाय आपटते; तिघांचाही भूमीशी असलेला करार एकच आहे, हे ‘आंगिक’ पाहताना डोळ्यांना पटते. पुरुषाच्या पाठीवर आरूढ झालेली स्त्री तेथे दिसते, तेव्हा सिंहवाहिनीची आठवण होते, आणि कथा मात्र एकही सांगितलेली नसते. हे सामर्थ्य सामान्य नव्हे.

परंतु ह्या प्रतिज्ञेची किंमतही मोजावी लागली. वाट पाहून झुरणाऱ्या नायिकेवर बाईंचा राग होता तो रास्त होता. पण त्या रागाच्या भरात नायिकेबरोबर तिचा चेहराही गेला. बालसरस्वती एकाच चरणावर कितीतरी वेळ रेंगाळत, स्वतः गात, व दर आवृत्तीला निराळा अर्थ दाखवीत. त्या मुखाभिनयाला सजावट म्हणून बाजूस सारता येणार नाही. केवळ त्रिकोण, वर्तुळे व रेषा ह्यांवर विसंबणाऱ्या भागांत बाईंच्या नर्तकी कधी कधी माणसे न राहता चिन्हे बनतात, आणि चिन्हाकडे आपण आदराने पाहतो, आपुलकीने नव्हे.

ह्याचा पुरावा त्यांच्याच ‘लीलावती’त (१९८९) आहे. आधाराला घेतला आहे भास्कराचार्यांचा गणितग्रंथ. चाळीसगावाजवळच्या पाटण येथील शिलालेखात ह्या आचार्यांच्या घराण्याची हकीकत कोरलेली आहे. त्यांचे गणित एका मुलीला उद्देशून विचारलेले. त्यात कमळांवर भुंगे बसतात, हंसांचे थवे उडतात, मोत्यांची माळ तुटते. अशा काव्याला नृत्याची जोड मिळताच वाचिक मागल्या दाराने परत येते. हस्तमुद्रांना पुन्हा सांगण्यासारखे काही सापडते, भुंगे मोजता मोजता अंग हसू लागते, आणि भूमितीचा आग्रह कोठेही सुटलेला नसतो. समीक्षकांनी ही रचना ‘आंगिक’च्या मानाने हलकी समजून बाजूला ठेवली, तर तो अन्याय होईल.

‘शरीर’ (२००१) ही त्यांची शेवटची रचना ह्याहून निराळ्या वाटेने जाते. गुंदेचा बंधूंचे ध्रुपद; रंगमंचावर एक स्त्री, एक पुरुष. तिशानी दोशी व शाजी जॉन ह्यांनी ती अनेक वर्षे सादर केली. जमिनीवर टेकलेली स्त्री पाय विलग करून त्रिकोण साधते ती इतक्या सावकाश, की प्रेक्षकाला आपल्याच श्वासाचे भान यावे. चेहरा येथेही निश्चल. पण आलापीच्या संगतीत सात्त्विक भाव श्वासातून उतरतो, आणि मुखाचे काम पाठ व मांड्या करतात. ‘लीलावती’ला शब्दाची मदत घ्यावी लागली, येथे तीही नाही. वर काढलेल्या आक्षेपाला बाईंनी दिलेले हे एकच समर्पक उत्तर आहे असे आम्हांस वाटते.

त्यांच्या रचनांतून नाचलेल्या पद्मिनी चेट्टूर ह्यांनी पुढे हा संयम आणखी कठोर केला. इतरत्र मात्र भरतनाट्यात चार कळरीच्या उड्या मिसळल्या की नवी रचना झाली अशी समजूत बोकाळली आहे. ह्या मंडळींनी बाईंची खोल बैठक उचलली आणि तिच्यात थांबण्याचा अवधी तेवढा गाळला. ‘शरीर’मधील ती स्त्री पाय विलग करावयास जितका वेळ घेते तितक्या वेळात त्यांचे तीन प्रवेश उरकतात, व टाळ्याही पडतात.