पहिल्या लेण्यातला मंद झोत

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाईड मंडळी एक खेळ करून दाखवतात. गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला बुद्ध बसलेला आहे. गाईड खिशातून टॉर्च काढतो, आधी मूर्तीच्या एका अंगाला उभा राहतो, मग दुसऱ्या अंगाला, मग समोर. एका बाजूने झोत आला की ओठांवर किंचित हसू दिसते, दुसऱ्या बाजूने तोच चेहरा गंभीर, थोडासा खिन्न होतो, आणि समोरून बुद्ध ध्यानात बुडालेला वाटतो. पर्यटक ‘वा!’ म्हणतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. जाणकार मंडळी या प्रकाराला गाईडांची करामत म्हणून नाक मुरडतात. मला मात्र हे त्या मूर्तीचे उत्तम रसग्रहण वाटते. ते एकही वाक्य न बोलता होते, हा आणखी एक गुण.

त्यात घडते काय ते पाहा. पापण्या खाली झुकलेल्या, खालचा ओठ भरीव, गाल गोलसर. दिवा डावीकडे गेला की नाकाची सावली उजव्या गालावर पडते, ओठांची एक कड उजळते आणि दुसरी अंधारात जाते. दिवा उजवीकडे नेला की हिशेब उलटा होतो. दगड तोच, सावल्या तेवढ्या हलतात. या गाभाऱ्यात दारातला सूर्यप्रकाश जेमतेम पोचतो, म्हणजे पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळात, इथे पूजेला येणाऱ्या भिक्खूच्या हातात तेलाचा दिवा असणार. तो चालत आला की दिवाही चालत आला, आणि चेहरा त्याच्या पावलांबरोबर बदलत गेला. आज लेण्यात मंद दिवे कायमचे बसवले आहेत. त्यांची सोय आहे, चित्रांना त्यांचा त्रासही कमी. पण जागचा न हलणारा दिवा बुद्धाची एकच मुद्रा दाखवतो. बाकीच्या दोन गाईडच्या खिशात असतात.

म्हणून लेण्यांवर काम करणाऱ्या माणसाची टॉर्च कोणती असावी, हा प्रश्न मला स्टेशनरीच्या खरेदीइतका किरकोळ वाटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास अंधारात नोकरी करणारी माणसे पुष्कळ आहेत. वेरूळचे पहारेकरी आहेत, अजिंठ्याचे परिचर आणि सफाई कामगार आहेत, हॉटेलांनी पाठवलेले गाईड आहेत. दौलताबादच्या किल्ल्यात ‘अंधारी’ आहे. खडकातला तो वळणावळणाचा बोगदा शत्रूला गोंधळात टाकण्यासाठीच केलेला. आत वटवाघळांचा वास, पायाखाली उंचसखल पायऱ्या. पूर्वी तिथे मशाल घेऊन माणूस पुढे चाले, आणि मध्येच ती आडोशाला धरून लोकांना खरा अंधार दाखवी. अंधारीत जी टॉर्च चालते ती पायरी दाखवणारी हवी, भरपूर उजेडाची आणि दणकट. अजिंठ्यात ती चालणार नाही. का चालणार नाही, हे गाभाऱ्याच्या दाराशी असलेल्या दोन चित्रांत नीट कळते.

गाभाऱ्याकडे तोंड केले की डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणी, उजवीकडे बोधिसत्त्व वज्रपाणी. पद्मपाणी त्रिभंगात उभा, उजव्या हातात निळे कमळ, डोक्यावर उंच मुकुट, नजर खाली. त्याच्याजवळ सावळ्या वर्णाची स्त्री, मागे डोंगराचे घनाकार खडक, त्यांत माकडे नि मोर. चित्रकाराने भुवया एका लांब रेषेत काढल्या आहेत, आणि नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर फिकट रंगाचा हात फिरवून चेहऱ्याला उठाव दिला आहे. गळ्यातल्या मोत्यांजवळ मात्र त्याने वेगळे काही केले. मोत्यांसाठी पांढरा रंग जाडसर ठिपक्यांनी लावला, इतका की तो भिंतीपासून थोडा वर आला. समोरून पाहिले तर तो पांढरा ठिपका आहे. बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर झोत आला की प्रत्येक मोत्याला स्वतःची बारीक सावली मिळते आणि माळ भिंतीवरून उचलून घ्यावी अशी होते. एवढ्या अंधाऱ्या खोलीत जाड रंग लावणाऱ्या त्या माणसाला उजेड कुठून येणार, याचा विचार होता यात मला शंका नाही.

इथले रंग बहुतेक खनिजांचे. तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. कोंडा आणि काड्या मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर, त्यावर कोरड्या भिंतीवरचे काम. या रंगपेटीत निळा मोजका आणि बाकी सगळे उबदार मातीचे. आता बाजारातली स्वस्त एलईडी टॉर्च लावा. तिचा प्रकाश निळसर पांढरा, साडेसहा हजार केल्विनच्या आसपास, आणि त्यात तांबडा भाग फार कमी. गेरू राखाडी दिसते, त्वचेचा तपकिरी रंग मळकट होतो. पद्मपाणी आजारी वाटायला लागतो. पाकिटावर लुमेन मोठ्या आकड्यात छापलेले असतात, रंग किती खरे दिसतील हे सांगणारा सीआरआय बहुधा छापलेलाच नसतो. मला तर लुमेनपेक्षा त्या आकड्याची जास्त पर्वा आहे: नव्वद किंवा त्याहून अधिक, आणि प्रकाश तीन ते चार हजार केल्विनच्या पिवळसर अंगाचा.

दुसरी अडचण झोताची. नाजूक रंगकामावर संग्रहालयात साधारण पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड टाकू नये असा दंडक आहे. टॉर्चचा हिशेब सोपा आहे: तिची कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागली की लक्स येतात. तीन मीटरवरून पन्नास लक्स हवे असतील तर साडेचारशे कँडेला पुरतात. दुकानदार ज्या टॉर्चचा झोत समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाडून दाखवतो तिची कँडेला पाच हजार असली, तर तीन मीटरवर साडेपाचशे लक्स होतात, दंडकाच्या अकरापट. प्रकाशाने झालेली झीज साठत जाते, परत भरून येत नाही. या चित्रांच्या वाट्याला आधीच खूप आले आहे. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या पुरातत्त्व खात्याने बोलावलेल्या इटालियन तंत्रज्ञांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचे वार्निश दिले. हेतू चांगला होता, पण पुढे ते पिवळे पडले. असा चकचकीत थर उरला असेल तिथे टॉर्च समोरून मारली की चित्राऐवजी आपलाच झोत परत दिसतो. म्हणून अनुभवी गाईड नेहमी तिरका उभा राहतो.

झूमवाल्या टॉर्चबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. पुढचा भाग ओढला की भिंतीवर एलईडीचा पिवळा चौकोन उमटतो, आणि त्याच्या कडेला जांभळी किनार. बोधिसत्त्वाच्या कपाळावर असा चौकोन पडलेला एकदा तरी पाहावा, म्हणजे झूमची हौस फिटते. त्याहून वाईट म्हणजे बटण दोनदा दाबले की लुकलुकणारा मोड. गाभाऱ्यात तो चुकून लागला की लग्नाच्या वरातीतला डीजे आठवतो.

मग घ्यावी काय? एका पेन्सिल सेलची छोटी टॉर्च, खिशाला क्लिप, मागच्या टोकाला बटण, आणि पहिल्या दाबात मंद उजेड लागणारी. मंद आधी यायला हवा, कारण भर उन्हातून लेण्यात शिरलेल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. लख्ख झोत एकदा डोळ्यांत गेला की ती सवय मोडते. पेन्सिल सेल अशासाठी की तो अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या टपरीवरही मिळतो. आत बंद बॅटरी असलेली यूएसबीवाली टॉर्च दिसायला छान, पण बॅटरी म्हातारी झाली की अख्खी टॉर्च टाकावी लागते, आणि ऐन दुपारी चार्जिंग संपले तर लेण्यात प्लग कुठे शोधणार? संस्था जर दहा-वीस टॉर्च एकदम घेणार असेल तर चार्ज होणारे निकेल सेल आणि एक चार्जर ऑफिसात ठेवणे केव्हाही स्वस्त. साधे सेल महिनोन्महिने टॉर्चमध्ये पडून राहिले की गळतात आणि आतली स्प्रिंग खातात, हे ज्याने कपाटात टॉर्च विसरली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

गाईडला टॉर्चने बोट दाखवायचेही असते, छडी चित्राला लागण्याचा धोका असतो म्हणून. तिथे निमुळता झोत सोयीचा आणि पाहायला पसरट झोत चांगला, असे भांडण उरतेच. उत्तर फार स्वस्त आहे: काचेवर दुधी चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. मध्यावरचा कडक ठिपका विरतो, बोट दाखवण्यापुरता उजेड शिल्लक राहतो. मोबाइलचा उजेड का नको, असे विचारणाऱ्यांना इतकेच सांगतो, की तो हातात आला की माणूस फोटो काढायला लागतो, आणि फ्लॅशला लेण्यात मनाई आहे.

शहरातल्या ज्या हॉटेलांना, प्रवासी कंपन्यांना, गाईड संघटनांना आपल्या माणसांसाठी टॉर्च घ्यायच्या आहेत, त्यांनी गुलमंडीच्या दुकानात एक करावे. दुकानदाराला दिवा मालवायला सांगावा, पांढऱ्या भिंतीवरचा लांब झोत बघायचे टाळावे आणि टॉर्च स्वतःच्या तळहातावर धरावी. तळव्याची लाली लाली म्हणून दिसली तर घ्या. तळवा निळसर, फिका पडला तर लुमेन कितीही छापलेले असोत, ती टॉर्च काउंटरवर परत ठेवा.